रेकॉर्डची मागची बाजू

इटली म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? पिझ्झा, फेरारी, माफिया, फार तर फेलिनी. नाचायच्या संगीताशी इटलीचं नाव जोडणारी माणसं आपल्याकडे कमीच. आणि जी जोडतात त्यांच्या डोक्यात साधारण एकच आवाज असतो. ठणाठणा वाजणारा पियानो, त्यावर जीव खाऊन गाणारी एखादी बाई आणि खाली अखंड धाड धाड धाड. हे झालं 'इटालो हाउस'. आपल्या वरातीत वाजलं तरी कुणाला वेगळं वाटणार नाही, इतकं उघडं आणि उत्साही.

मला आज लिहायचंय ते याच्या मागच्या बाजूबद्दल. तोच देश, तीच १९८९ ते १९९३ ची चार-पाच वर्षं, तीच यंत्रं आणि कित्येकदा तीच माणसं. पण संगीत मात्र असं, की जणू कुणीतरी मोठा दिवा मालवून खिडकी उघडलीय. गेली काही वर्षं रात्री उशिरा कोड लिहिताना माझ्या कानात बहुतेक वेळा हेच असतं. बायकोने एकदा माझा हेडफोन ओढून स्वतःच्या कानाला लावला, दोन मिनिटं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अरे, हे सुरू कधी होणार?"

या संगीताचं यापेक्षा अचूक वर्णन मी अजून वाचलेलं नाही. सुरू कधी होणार याची वाट बघता बघता सात मिनिटं निघून जातात, आणि संपल्यावर कळतं की सुरू तर मघाशीच झालं होतं.

ज्यांना हाउस म्हणजे काय इथपासूनच प्रश्न आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. शिकागोमध्ये १९७७ साली 'वेअरहाउस' नावाचा एक क्लब सुरू झाला. येणारे मुख्यतः काळे आणि समलिंगी तरुण, आणि रेकॉर्डी लावायला फ्रँकी नकल्स. 'हाउस' हे नाव त्या क्लबवरून आलं असं मानतात. अमेरिकेत डिस्कोची लाट ओसरली, मोठ्या कंपन्यांनी अंग काढून घेतलं, तेव्हा या पोरांनी स्वस्तातल्या ड्रम मशिनवर आणि सिंथेसायझरवर घरच्या घरी डिस्को पुन्हा बनवायला घेतला. मिनिटाला साधारण १२० ठोके, प्रत्येक मात्रेवर एक. १९८६ मध्ये लॅरी हर्ड या माणसाने 'मिस्टर फिंगर्स' या नावाने 'कॅन यू फील इट' काढलं आणि नाचायच्या संगीतात एकटेपणालाही जागा असते हे दाखवून दिलं. ज्याला 'डीप हाउस' म्हणतात त्याचं मूळ बहुतेक लोक तिथेच शोधतात.

तर शिकागो आणि न्यूयॉर्कच्या या रेकॉर्डी जहाजातून, विमानातून युरोपात पोचत होत्या. इटलीत त्या मोठ्या प्रमाणात येत, कारण तिथे आयात रेकॉर्डींची दुकानं होती, डिस्कोचा धंदा आधीपासून जोरात होता, आणि नाचायला किनाराही होता.

आता आधी पुढची बाजू वाजवतो, म्हणजे मागची कळेल.

१९८९ साली दानिएले दावोली, मिर्को लिमोनी आणि वालेरियो सेम्प्लिची या तिघांनी 'ब्लॅक बॉक्स' या नावाखाली 'राइड ऑन टाइम' काढलं. इंग्लंडमध्ये ते सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं आणि त्या वर्षातलं तिथलं सर्वांत जास्त खपलेलं सिंगल ठरलं. व्हिडिओत आणि टीव्हीवर कॅट्रिन क्विनॉल नावाची एक मॉडेल गाताना दिसते. दिसते फक्त. आवाज तिचा नव्हताच. तो होता लोलिआटा हॉलोवे या शिकागोच्या गायिकेचा, तिच्या १९८० सालच्या 'लव्ह सेन्सेशन' या गाण्यातून उचललेला. 'राइड ऑन टाइम' हे नावसुद्धा मूळ शब्द नीट ऐकू न आल्यामुळे पडलंय! रेकॉर्डवर हॉलोवेचं नाव नाही. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं, भरपाई द्यावी लागली, आणि तोच भाग दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेतलेली आवृत्ती बाजारात आणावी लागली. ती गायिका हेदर स्मॉल, पुढे 'एम पीपल'मुळे प्रसिद्ध झाली. पण त्या रेकॉर्डवर तिचंही नाव नव्हतं.

यावर कडी म्हणजे ब्लॅक बॉक्सचा अल्बम. त्यातली बरीच गाणी मार्था वॉश यांनी गायलेली. व्हिडिओत पुन्हा तीच मॉडेल. वॉश कोर्टात गेल्या, तडजोड झाली. असाच दावा त्यांनी आणखी एका गाजलेल्या ग्रूपच्या बाबतीतही लावला. त्यानंतर गाणारीचं नाव छापायच्या बाबतीत अमेरिकेतल्या कंपन्या सावध झाल्या.

हे वाचताना मराठी माणसाला 'महल' आठवल्याशिवाय राहत नाही. १९४९ साली 'आएगा आनेवाला'ची रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी'. म्हणजे पडद्यावर मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव! लोकांनी रेडिओला विचारणा केली, तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. चाळीस वर्षांनी, सातासमुद्रापार, तोच खेळ. चेहरा एकीचा, गळा दुसरीचा, आणि लेबलवर तिसरंच काहीतरी.

तर ही झाली पुढची बाजू. आता रेकॉर्ड उलटूया.

पण आधी नकाशा बघा. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, एड्रिअॅटिक समुद्राला लागून, रिमिनी, रिच्चोने, काट्टोलिका, गाबिच्चे अशी गावं एकापुढे एक ओळीने आहेत. लांबच लांब पुळण, हॉटेलांच्या रांगा, उन्हाळ्यात सगळी इटली तिथे लोटते. फेलिनी याच रिमिनीचा. आपल्याला समुद्र म्हणजे सूर्यास्त. गणपतीपुळे असो की कळंगुट, सूर्य समुद्रात बुडतो आणि आपण कणीस खात घरी येतो. तिथे उलटं. समुद्र पूर्वेला, त्यामुळे सूर्य पाण्यातून वर येतो. रात्रभर नाचून बाहेर पडलेल्या माणसाच्या थेट तोंडावर पहाट. हा साधा भूगोल मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या संगीताबद्दल मी बोलतोय ते रात्री बाराचं नाहीच, ते पहाटे साडेपाचचं आहे.

आणि हे काही १९८९ ला अचानक उगवलं नाही. गाबिच्चेच्या टेकडीवर सत्तरच्या दशकाच्या मध्यात 'बाया देल्यी आंजेली', म्हणजे देवदूतांची खाडी, नावाचा क्लब निघाला. पांढरीशुभ्र इमारत, खाली समुद्र, आणि डीजेची केबिन चक्क काचेच्या लिफ्टमध्ये! सुरुवातीला मालकाने दोन अमेरिकन डीजे आणले, बॉब डे आणि टॉम सिसन. त्यांच्यानंतर १९७७ च्या सुमारास दानिएले बाल्देल्ली आणि क्लाउदिओ रिस्पोली ही स्थानिक जोडी आली. रिस्पोलीला सगळे 'मोत्सार्ट' म्हणायचे. पुढे बाल्देल्ली गार्दा सरोवराच्या काठी लात्सीझेला 'कॉस्मिक' या क्लबमध्ये गेला. तिथे १९७९ ते १९८४ त्याने जे केलं त्याला तोड नाही. आफ्रिकन ड्रम, जर्मन इलेक्ट्रॉनिक, ब्राझिलियन गाणी, सगळं एकत्र. आणि ४५ च्या वेगाची रेकॉर्ड ३३ वर, ३३ ची ४५ वर. ज्या वेगाला गाणं बसतं तो त्याचा वेग, कंपनीने काय छापलंय याला अर्थ नाही.

म्हणजे शिकागोच्या रेकॉर्डी इटलीत आल्या तेव्हा ऐकणारे कान तयार होते. हळू, लांब, धूसर वाजवायची सवय त्या किनाऱ्याला दहा वर्षांपासून होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गाबिच्चेच्याच 'एथोस मामा' क्लबमध्ये फ्लाविओ वेक्की, रिकी मोंतानारी यांच्यासारखे डीजे हाउस लावू लागले. मोत्सार्ट रिस्पोलीही हाउसकडे वळला आणि पुढे 'जेस्टोफंक' या ग्रूपमध्ये दिसतो.

आता येतो माझ्या सर्वांत आवडत्या भागाकडे. १९८९ च. 'राइड ऑन टाइम'चंच वर्ष. मास्सिमिनो लिप्पोली, आंद्रेया जेमोलोत्तो आणि आणखी काही मंडळींनी मिळून 'सुएन्यो लातिनो' नावाची रेकॉर्ड काढली. बोलोन्याच्या 'डीएफसी' लेबलवर. गंमत बघा. नाव स्पॅनिश. कुजबुजल्यासारखं बोलणारी बाई, कारोलिना दामास, तीही स्पॅनिशमध्ये. करणारे इटालियन. आणि मुळाशी असलेलं सगळं संगीत एका जर्मन माणसाचं.

त्या माणसाचं नाव मान्युएल ग्यॉटशिंग. त्याने डिसेंबर १९८१ मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये आपल्या स्टुडिओत बसून एका बैठकीत, एका टेकमध्ये, तासाभराचा एक तुकडा वाजवला. दोन सूर मागेपुढे हलत राहतात, सीक्वेन्सर चालू, आणि वरून नंतर गिटार. बास. नाव 'ई टू - ई फोर', म्हणजे बुद्धिबळातली राजाच्या प्याद्याची पहिली चाल. भागांची नावंही बुद्धिबळाच्या चालीची, शेवटचा भाग 'बरोबरी'. १९८४ मध्ये ती रेकॉर्ड निघाली. न्यूयॉर्कच्या 'पॅरडाइज गराज'मध्ये लॅरी लेव्हानने ती वाजवली. ज्याने नाचण्यासाठी बनवलंच नव्हतं त्याच्या संगीतावर लोक नाचू लागले.

'सुएन्यो लातिनो'ने हा तुकडा घेतला, खाली हाउसचा ठेका आणि बास ठेवला, आणि वर एक पक्षी सोडला. तो पक्षी कोण? लून नावाचा, उत्तर अमेरिकेतल्या थंड सरोवरांवरचा पाणपक्षी! त्याची ती विव्हळ साद त्या काळच्या 'इम्युलेटर' नावाच्या सॅम्पलरबरोबर येणाऱ्या आवाजांच्या संग्रहात होती. त्याच वर्षी मँचेस्टरच्या '८०८ स्टेट'नेही तोच पक्षी वापरला. लॅटिन स्वप्नातल्या जंगलात कॅनडाचा पक्षी ओरडतोय आणि जगातल्या कुणालाच खटकलं नाही. मलाही नाही. डिफॉल्ट व्हॅल्यू कधी कधी फार सुंदर असतात :)

पण मुद्दा वेगळाच आहे. 'सुएन्यो लातिनो'च्या लेबलवर मान्युएल ग्यॉटशिंगचं नाव आहे. 'ई टू - ई फोर'चंही आहे. ठळक छापलंय, ग्रूपच्या नावाला जोडून.

एकच वर्ष, एकच देश, एकच तंत्र. दोघांनीही दुसऱ्याचं काम उचललं आणि त्यावर आपलं घर बांधलं. एकाने पाया कुणाचा ते दारावर लिहिलं. दुसऱ्याने दारात एक मॉडेल उभी केली.

यंत्रांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला राहवत नाही, माफ करा, धंदाच तो आहे. कॉर्ग कंपनीचा 'एम-वन' हा कीबोर्ड १९८८ मध्ये आला. इटालो हाउसचा तो ठणठणीत पियानो बहुतांशी याचाच. त्यातले सगळे आवाज मिळून ४ मेगाबाइट. आज आपण आईला वॉट्सअॅपवर पाठवतो तो एक फोटो यापेक्षा मोठा असू शकतो. त्याच्या आधी १९८७ मध्ये रोलँडचा 'डी-फिफ्टी' आलेला. धुक्यासारखे पसरणारे लांब सूर त्याच्यात तयारच मिळायचे. आणि अकाईचा 'एस-थाउजंड' सॅम्पलर, १९८८. मूळ मेमरी २ मेगाबाइट. हिशोब करा, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, एक चॅनल, तर जेमतेम २३ सेकंद. एवढ्यात तुमचं सगळं जग बसवायचं.

मर्यादा तीच, पण दोन बाजूंनी तिचा उपयोग वेगळा केला. पुढच्या बाजूने तेवीस सेकंदांत सगळ्यात जोरदार आरोळी भरली. मागच्या बाजूने एक सूर भरला आणि त्याला पुरेसा वेळ दिला. बासरीसारखा एखादा तुकडा, विझत जाणारा पियानो, समुद्राची गाज, फार तर बाईचा एखादाच शब्द, तोही अर्धवट. ठेका तोच, धाड धाड. पण त्याच्यावर बसलेले सूर इतके ऐसपैस, की ठेका पायाखालच्या फरशीसारखा वाटतो. आहे म्हणून उभे आहोत, बाकी लक्ष जात नाही.

याचं एकच उदाहरण द्यायचं तर डॉन कार्लोस. नाव स्पॅनिश राजपुत्राचं, माणूस उत्तर इटलीतल्या वारेझेचा डीजे, खरं नाव कार्लो त्रोया. १९९१ मध्ये त्याने 'अलोन' काढलं, बोलोन्याच्या 'इर्मा' कंपनीच्या 'कॅलिप्सो' या उपलेबलवर. एकदा ऐकाच. ढोलाचा जोर आहे, पण घाई अजिबात नाही. सूर येतात, बसतात, उठून जातात. नाव 'एकटा', आणि बनवलंय गर्दीसाठी. रात्री दोनला प्रॉडक्शनवर रिलीज चालू असताना, कॉलवर अठरा माणसं म्यूटवर बसलेली असताना, मी हे कितीदा तरी ऐकलंय. गर्दीतला एकटेपणा म्हणजे काय ते त्या अठरा म्यूट माणसांना विचारा.

रोममध्ये तर काही डीजेंनी एकत्र येऊन ग्रूपचं नावच 'ट्रू अंडरग्राउंड साउंड ऑफ रोम' ठेवलं. त्यांचं 'सीक्रेट डॉक्ट्रिन' हे १९९१ चं. नेपल्समध्ये त्याच वर्षी 'यूएमएम' हे लेबल सुरू झालं, म्हणजे 'अंडरग्राउंड म्यूझिक मूव्हमेंट'. याशिवाय 'की ट्रॉनिक्स एन्सेम्बल', 'लास्ट ऱ्हिदम', 'ओपन स्पेसेस', 'ड्रीमॅटिक'... नावांचा नुसता सडा. आणि मिक्सची नावं? 'पॅरडाइज मिक्स', 'अँबिअंट मिक्स', 'डीप मिक्स'. 'पॅरडाइज' हा शब्द तर इतक्या रेकॉर्डींवर सापडतो की योगायोग म्हणवत नाही. न्यूयॉर्कचं 'पॅरडाइज गराज' १९८७ मध्ये बंद पडलं होतं. बंद पडलेल्या एका काळ्या, समलिंगी क्लबचा स्वर्ग दोन-तीन वर्षांत इटलीच्या किनाऱ्यावरच्या लेबलांवर उमटायला लागला, असं मी तरी वाचतो. तिथे जाऊन आलेले थोडे, स्वप्नात गेलेले बरेच. या प्रकाराला नंतर 'ड्रीम हाउस' म्हणायला लागले ते उगाच नाही.

आता या नावांकडे परत बघा. यातलं एकही नाव माणसाचं वाटत नाही. एकच माणूस चार नावांनी चार लेबलांवर रेकॉर्डी काढायचा. व्यवहारी कारणंही होती. वेगवेगळ्या कंपन्यांशी करार, आणि इंग्रजी नाव असलं की लंडनच्या दुकानातला माणूस रेकॉर्ड अमेरिकन समजून उचलायचा. पण परिणाम असा की मागच्या बाजूला चेहराच नाही. फोटो नाही, व्हिडिओ नाही, मुलाखत नाही. पांढऱ्या कव्हरमध्ये एक काळी तबकडी.

म्हणजे निनावीपण दोन्हीकडे आहे. बरीच वर्षं मला ते एकच वाटायचं. संगीत महत्त्वाचं, नावात काय आहे, वगैरे. आपल्या क्षेत्रातही हे तत्त्वज्ञान फार चालतं. 'वी आर अ टीम'. पोस्टरसुद्धा असतात, नौका वल्हवणाऱ्या माणसांची.

माझ्या आधीच्या एका कंपनीत मी पावणेदोन वर्षं खपून एक शेड्युलर लिहिला होता. रात्री हजारो जॉब लावायचे, एक पडला तर बाकीच्यांना धक्का लागू न देता तो पुन्हा उचलायचा, अशा भानगडी. माझ्यासाठी ते 'अलोन' होतं म्हणा ना. पुढे कंपनीने कोड सबव्हर्जनवरून गिटवर हलवला. हलवताना जुना इतिहास आणायला वेळ नाही म्हणून आणला नाही. सगळा कोड एका कमिटमध्ये आला, 'इनिशियल इम्पोर्ट', आणि नाव ज्याने हलवला त्याचं. मी तोवर सोडलं होतं. तिथला मित्र एकदा भेटला तेव्हा हसत म्हणाला, "तुझ्या शेड्युलरमध्ये पोरं गिट ब्लेम मारतात तर प्रत्येक ओळीवर साहेबांचं नाव येतं. साहेब आता त्याच्यावर ट्रेनिंग देतात."

मीही हसलो. पण घरी येताना बाइकवर हिंजवडीच्या सिग्नलला अडकलो होतो तेव्हा हसू नव्हतं. पगार मिळाला होता, कोड कंपनीचाच होता, कायद्याने कुणी काही चुकीचं केलं नव्हतं. तरी ती ओळ ज्या रात्री लिहिली ती रात्र माझी होती, आणि आता त्या रात्रीचा पुरावाच कुठे नाही.

त्यानंतर कधीतरी मी या इटालियन रेकॉर्डींच्या लेबलांचे फोटो नीट झूम करून बघायला लागलो. (सवय. लॉग दिसला की वाचायचा.) तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. समोर 'डॉन कार्लोस' असलं तरी खाली बारीक अक्षरात, गीत-संगीताच्या ओळीत, खरी आडनावं असतात. इटलीत लेखक-संगीतकारांच्या हक्कांची 'सिआए' नावाची संस्था १८८२ पासून आहे. तिच्याकडे रचना नोंदवायची तर कुणाची ते सांगावं लागतं. म्हणजे टोपणनाव दर्शनी दारावर, आणि खरं नाव नोंदवहीत. लपलेला माणूस हवं तेव्हा बाहेर येऊ शकतो, कारण वही जागेवर आहे.

लोलिआटा हॉलोवेचं तसं नव्हतं. ती लपली नव्हती, तिला लपवलं होतं. लपणं आणि लपवलं जाणं यात फरक इतकाच, की निर्णय कुणाचा. पण तो 'इतकाच' फार मोठा आहे. कार्लो त्रोयाने स्वतःचं नाव बाजूला ठेवलं म्हणून रेकॉर्डला मोकळं फिरता आलं. हॉलोवेचं नाव दुसऱ्याने बाजूला ठेवलं आणि तिला वकील शोधत फिरावं लागलं. वरून दोन्ही रेकॉर्डी सारख्याच दिसतात.

आणि हेही सरळ सांगायला हवं की मागची बाजू काही साधुसंतांची नव्हती. तिचेही सूर, बास, आवाज अमेरिकेतल्या काळ्या संगीतकारांकडून आलेले, कधी सांगून, कधी न सांगता. स्टुडिओ तेच, वितरक तेच. कित्येकदा 'ए' बाजूला खपणारं गाणं आणि 'बी' बाजूला करणाऱ्याला स्वतःला आवडलेलं. एकानेच दुसरीचा खर्च काढला. ब्रेशाजवळ जानफ्रांको बोर्तोलोत्तीच्या 'मीडिया रेकॉर्ड्स'ची तर अक्षरशः फॅक्टरी होती, अनेक स्टुडिओ, पगारी टीम, एकामागून एक हिट. हे वाचून ओळखीचं वाटलं नाही असा आयटीवाला विरळा. दिवसा क्लायंटचं, रात्री आपलं.

१९९३ नंतर हे ओसरलं. ठेका जलद झाला, क्लब मोठे झाले, धुकं विरलं. १९९५ मध्ये रॉबर्ट माइल्सचं 'चिल्ड्रन' आलं आणि 'ड्रीम' हा शब्द जगभर पोचला, पण ती चाल वेगळी, ट्रान्सकडे झुकणारी. त्यामागचा हेतू मात्र जवळचा. इटलीत तेव्हा शनिवारी रात्री क्लबमधून गाडी चालवत परतताना इतकी तरुण पोरं मरत होती की वर्तमानपत्रांनी त्याला 'शनिवार रात्रीची कत्तल' असं नाव दिलं होतं. माइल्सला रात्रीच्या शेवटी पोरांना शांत करून घरी पाठवणारं काहीतरी हवं होतं. पहाटे साडेपाचचं संगीत अशा कामालाही येतं.

जुन्या रेकॉर्डी मग दुकानांच्या खोक्यांत पडून राहिल्या. थोड्याच छापलेल्या, म्हणून जाणकारांमध्ये किमती चढत गेल्या. २०१७ मध्ये अॅम्स्टरडॅमच्या यंग मार्को या डीजेने, एका मित्राबरोबर, 'वेलकम टू पॅरडाइज' नावाने त्यांचे संग्रह काढले, '८९ ते ९३ चं इटालियन ड्रीम हाउस'. तेव्हा जगाने मागची बाजू पहिल्यांदा पुढे ठेवून ऐकली. पंचवीस वर्षांनी कुणीतरी नोंदवही उघडली, नावं वाचली, आणि त्या नावांची माणसं शोधता आली. वही होती म्हणून. हॉलोवे २०११ मध्ये गेली, ग्यॉटशिंग २०२२ मध्ये. दोघांचेही सूर आज या घडीला कुठल्या ना कुठल्या क्लबमध्ये चालू असतील, पण एकाचं नाव पहिल्या दिवसापासून लेबलवर होतं आणि दुसरीचं भांडून मिळवावं लागलं.

सध्याच्या हापिसात गेल्या महिन्यात आम्ही एक जुनी रिपॉझिटरी हलवली. इतिहासासकट हलवायला तीन दिवस जास्त लागणार होते. मॅनेजर म्हणाला, कशाला, कोण बघतंय. मी म्हटलं, मी बघतो. थोडी हुज्जत झाली, पण तीन दिवस मिळाले. त्यात २००९ सालचे एका मुलीचे कमिट निघाले, आमच्यापैकी कुणीही तिला भेटलेलं नाही. मेसेज इतके नेटके, की टीममधल्या दोन फ्रेशर्सनी ते वाचून आपले मेसेज सुधारले. मला एवढंच पुरे आहे.

असो. फार लांबलं. ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी क्रम सांगतो. आधी 'सुएन्यो लातिनो', मग त्याचं मूळ 'ई टू - ई फोर' (सवडीने, तासाभराचं आहे), मग 'अलोन', मग 'सीक्रेट डॉक्ट्रिन'. हे आवडलं तर 'वेलकम टू पॅरडाइज'चे संग्रह आहेतच. दिवसा ट्रॅफिकमध्ये ऐकू नका, रात्री घर झोपल्यावर ऐका. सुरू कधी होणार असं वाटलं तर थांबा जरा. आणि ऐकून झाल्यावर 'लव्ह सेन्सेशन' लावा, लोलिआटा हॉलोवेच्या नावाने असलेलं, मूळ, पूर्ण. आवाज थोडा मोठा ठेवलात तरी चालेल.